जाग्या इमारतीचे दिवटे सर

दिवटे सर कुणाच्याही घरी गेले तरी लगेच आत येत नसत. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, डोळे मिटायचे आणि मान जराशी तिरकी करून हलक्या आवाजात विचारायचं, "कोण जागं हाय?"

प्रश्न तुम्हाला नसे. तुम्ही पाण्याचा पेला घेऊन समोर उभे असलात तरी तुमच्या जागेपणाशी सरांना काही कर्तव्य नव्हतं. ते घराला विचारत. इतकी वर्षं त्याच घरात राहून तुम्हीही पहिल्यांदाच कान देऊन ऐकायला लागायचात. आणि ऐकू येई. आतल्या खोलीत काहीतरी बारीक आवाजात गुणगुणत असे. सर डोळे उघडून थेट तिकडे जात. टीव्ही रिमोटनं बंद केलेला असे, तांबडा ठिपका तेवढा लागलेला.

"हे बघा. डोळा उघडा ठेवून झोपलंय."

असं म्हणून ते भिंतीवरचं बटण बंद करत. गुणगुण थांबे, आणि नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी ती खोली मोकळी मोकळी वाटायला लागे. सर गेल्यावर त्या खोलीत जायला मला थोडा वेळ नको वाटायचं, हे खरं.

मी जालन्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. भाड्याच्या खोल्यांमधून काही वर्षं काढल्यावर आम्ही मस्तगडात नव्या बांधलेल्या अपार्टमेंटमध्ये घर घेतलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना अपार्टमेंटचं अजून नवल होतं. 'डोक्यावर दुसऱ्याचं घर, झोप कशी लागते गं तुम्हाला?' असं सासूबाई विचारायच्या. आमच्या डोक्यावर दिवटे सरांचं घर होतं. सर मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. माझं माहेर हसनाबादचं, म्हणजे दोघांचाही तालुका भोकरदन. हे कळल्यावर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मंग तुम्ही आमच्याकडच्याच की, ताई!" आणि लगेच आमचा फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. "ह्याला श्वास घेऊ द्या. कोंडून मारून राह्यले तुम्ही त्याला."

आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवून सर निवृत्त झाले होते. मूलबाळ नव्हतं. बायको पूर्वीच गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. उंच, हडकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि लोकांच्या खिशाला पेन असतं तिथं यांच्या खिशाला टेस्टर. शॉक लागू नये म्हणून जाड रबरी तळव्यांच्या चपला घालत, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. जिन्यातला दिवा दिवसाउजेडी लागलेला दिसला की ते बंद करत, आणि मावळतीला कधी कधी लावायचा राहून जाई. मग काळोख्या जिन्यात भाजीची पिशवी घेऊन चढताना अगदी कानाशी आवाज यायचा, "मी हाय." त्या 'मी हाय'नं आमच्या इमारतीत किती अंडी फुटली असतील!

आडनाव दिवटे, पण मागे सगळे त्यांना 'अंधारे' म्हणत. हे इतकं रुळलं होतं की पोस्टमननंही एकदा मला विचारलं, "अंधारे सर कोणत्या मजल्यावर?"

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाफनासेठ. त्यांची बियाण्याची आडत. त्यांचे वडील वारले तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. हॉलमध्ये पार्थिव ठेवलेलं, भोवती बायका बसलेल्या. रडून रडून सगळ्या थकल्या होत्या आणि शांतता पसरली होती. उदबत्तीचा धूर तेवढा हलत होता. अशात सर आले. दारात थांबले. डोळे मिटले.

"कोण जागं हाय?"

कुणीच हललं नाही. माझ्या शेजारच्या बाईनं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे दोन दिवस वळ होता. सगळ्यांची नजर त्या पांढऱ्या चादरीकडे. आणि तेवढ्यात, देवाशपथ, आतून 'हूं' असा हुंकार आला. मागच्या बाजूची एक काकू उठून अनवाणीच जिना उतरून गेली. सर शांतपणे बायकांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेले. फ्रिज नुकताच सुरू झाला होता. तो काही त्यांनी बंद केला नाही. दार नीट लागलं नव्हतं ते लावून दिलं, बाहेर आले आणि पार्थिवाला हात जोडून उभे राहिले. बाफनासेठ पुढे कितीतरी दिवस सांगत, "कसम से मॅडम, मला वाटलं बाबूजीच बोलले!"

निवृत्तीनंतर सरांनी एकच काम धरलं होतं. शहरातल्या इमारतींना वीज वाचवायला शिकवायचं. 'इमारतींना' हा शब्द त्यांचाच. माणसांना शिकवतो असं ते म्हणत नसत. कचेऱ्या, बँका, शाळा, मंगल कार्यालयं, जिथं बोलावतील तिथं ते वर्ग घेत. न बोलावता गेल्याचीही उदाहरणं आहेत. आमच्या शाळेत मीच त्यांना बोलावलं. शिक्षकांचा वर्ग, शाळा सुटल्यावर. सरांनी आल्या आल्या सगळे दिवे बंद केले. "भाषण कानानं ऐकायचं असतं," म्हणाले. मग सगळ्यांना पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवून उभं केलं.

"ताप हाय का न्हाई?"

होता. भिंत कढत होती.

"दुपारभर ही उन्हात उभी राह्यली. आता संध्याकाळभर हा ताप तुमच्या अंगावर काढंल. तुम्ही म्हणणार, उकडून राह्यलं, लावा कूलर. कूलर लावून भिंतीचा ताप जातो का? बाहेरून एक झाड लावा, चुना मारा. जल्दी उतरंल."

आमचे मुख्याध्यापक असल्या वर्गांना घाबरून मागच्या दारानं सटकले होते. सर आम्हाला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. "साहेब आत्ताच उठले. खुर्ची गरम हाय." मग वर बघत, अगदी हळू, "पण ह्या ट्यूबांना कुणी सांगितलं का, साहेब गेले म्हणून?"

आम्ही हसलो, पण आमचा शिपाई त्यानंतर त्या खोलीत एकटा जात नसे. आणि दिवे बंद करायला विसरतही नसे. सरांच्या शिकवण्याचं हेच होतं. लोक शहाणे होत की नाही कोण जाणे, पण घाबरत खास. ट्यूबचा चोक गुणगुणला की बायका म्हणत, "जागी झाली मेली."

इमारतीत त्यांचा सगळ्यात मोठा विजय गच्चीवर झाला. मे महिन्यात त्यांनी अर्ध्या गच्चीला पांढरा चुना मारून घेतला, अर्धी तशीच ठेवली आणि भर दुपारी सगळ्यांना अनवाणी वर बोलावलं. बाफनासेठ चुन्यावर उभे होते तोवर ठीक होतं. सर म्हणाले, "आता इकडं या सेठ, बिलकुल दोनच पावलं." सेठ आले आणि देहाला न शोभणाऱ्या चपळाईनं एका उडीत परत चुन्यावर गेले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्या गच्चीचा चुना सेठनी स्वतः मागवला. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांना त्या उन्हाळ्यात झोप लागली.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राजूरकरबाई राहत. ट्रेझरी ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगा पुण्याला. कडक इस्त्रीच्या साड्या आणि त्याहून कडक बोलणं. गच्चीच्या चुन्याचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच झाला, पण सरांचं नाव काढलं की त्या म्हणत, "त्या माणसाला माझ्या दारात उभं करायचं नाही. माझं घर जागं आहे, कारण मी जागी आहे."

एकदा सरांनी सगळ्या इमारतीचं प्रात्यक्षिक घेतलं. मावळतीला प्रत्येकानं घरातलं झाडून सगळं बंद करायचं, फ्रिजसुद्धा, आणि खाली जिन्याखालच्या मीटरपाशी जमायचं. तेव्हा मीटर जुन्या धर्तीचे होते. काचेआड एक चकती गोल फिरायची, तिच्या कडेला काळी खूण. घरात वीज जास्त जळाली की चकती पळायची, कमी जळाली की रांगायची.

आम्ही सगळे त्या कोंदट कोपऱ्यात उभे राहिलो. सरांच्या हातात बॅटरी. एकेक चकती हळू होत होत थांबली. शेवटची काळी खूण काचेशी येऊन थबकली, आणि इमारतीचा आवाज गेला. तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं की इमारतीला आवाज असतो. मोटारी, पंखे, चोक, फ्रिज, सगळ्यांचा मिळून एक श्वास चाललेला असतो. तो बंद झाल्यावर वरचे चार मजले आपल्यावर वाकून बघताहेत असं वाटायला लागलं. कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं.

"आता झोपली," सर कुजबुजले. "बघा, कशी गाढ झोपली."

"सर," माझे यजमान म्हणाले, "ती एक फिरतेय."

खरंच एक चकती रांगत होती. सरांनी बॅटरी वर नेली. राजूरकरबाईंचं मीटर. बाई खाली आल्याच नव्हत्या. कान दिल्यावर कळलं, वरून त्यांच्या रेडिओवरचं भजन अंधारातून जिन्यानं खाली उतरत होतं. सगळ्यांना वाटलं, आता सर चिडणार. ते चिडले नाहीत. त्या चकतीकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान दिसलं. "हाय," ते म्हणाले, "बाई हायेत वर."

तेव्हा ते विचित्र वाटलं. पण सरांचं विचित्र वाटणं ही काही नवी गोष्ट नव्हती.

नंतर हिवाळ्यात एकदा नळाला पाणी आलं. जालन्यात त्या काळी पाणी आलं म्हणजे पाहुणे आल्यासारखंच. कधी येईल सांगता येत नसे आणि आलं की सगळी कामं टाकून उठायचं. उजाडायचं होतं. मी बादल्या घेऊन खाली गेले. जिन्याखालून आवाज येत होता. कुणीतरी कुणाला तरी लाडानं उठवत होतं.

"बाफनाकडं चहा टाकला वाटतं... बराबर... ताईकडं दिवे. आज नळाला पाणी हाय का काय... राजूरकरबाई, उठा. उठा न बाई. उशीर झाला."

मी बादल्या खाली ठेवल्या. काळोखात सर मीटरच्या काचेला नाक लावून उभे होते. एक तळहात मीटरच्या पेटीवर, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग अचानक ते हसले.

"उठल्या! पळाली बघा चकती. पाणी तापवायला कॉइल टाकली बाईनं. उठल्या."

मी बादल्या तिथंच टाकून वर आले. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "म्हातारा मीटरशी बोलतो? मीटर उत्तर देत नाही ना, तोवर ठीक आहे."

पण हे पाहणारी मी एकटीच नव्हते. राजूरकरबाईंनी स्वतः ऐकलं. पहाटे पूजेची फुलं आणायला उतरल्या आणि अंधारातून त्यांना स्वतःचं नाव ऐकू आलं. त्या रविवारी सोसायटीची मीटिंग बोलावली गेली. बाई उभ्या राहिल्या.

"हा माणूस रोज माझ्या नावानं काहीतरी पुटपुटतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मी एकटी राहते. उद्या मला काही झालं तर?"

'करणी' हा शब्द कुणी उच्चारला नाही. तरी तो खोलीत आला आणि सतरंजीवर आमच्यामध्ये बसला.

"सर, ये क्या है?" बाफनासेठनी विचारलं. "वीज वाचवा, बराबर आहे. लेकिन नाव कशाला घेता लोकांचं?"

मला वाटलं, आता सर वॅट आणि युनिटवर बोलतील. ते म्हणाले, "सवय लागली. दुसरं काही न्हाई. बाईला भ्याव वाटत असंल तर मी न्हाई जाणार तिकडं."

मीटरला लाकडी कपाट करून कुलूप लावायचं ठरलं. किल्ली बाफनासेठकडे. सरांनी कुलूप स्वतः ओढून पाहिलं, नीट लागलंय की नाही ते.

त्यानंतर सर फारसे दिसेनासे झाले. वर्गही कमी झाले. एकदा पहाटे गॅलरीत कपडे वाळत घालताना माझं लक्ष खाली गेलं. इमारतीच्या मागच्या बोळात, जिथं सगळ्या न्हाणीघरांचे पाइप भिंतीवरून खाली येतात, तिथं सर उभे होते. एका पाइपाला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, गाल टेकवला होता. धुकं होतं. पाइपातून पाणी खळखळ उतरलं आणि त्यांनी डोळे मिटले. मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून मागे सरकले. इमारतीला धरून कुणी रडतंय असं ते दिसत होतं. पण ते रडत नव्हते. थोड्या वेळानं हात चोळत, समाधानानं निघून गेले.

आणि मग एके दिवशी सकाळी आमची बेल वाजली. शाळेत जायची गडबड. दारात सर. आज ते उंबऱ्यात थांबले नाहीत, डोळे मिटले नाहीत. चपलांसकट आत आले.

"ताई, साहेबांना बोलवा. बाफनाकडून किल्ली पाह्यजे."

"कसली किल्ली, सर?"

"मीटरची. राजूरकरबाईचा पाइप थंड हाय. आंघोळीचं गरम पाणी उतरलंच न्हाई."

ह्यांना काही कळेना. पण सरांचा चेहरा बघून हे खाली पळाले. मी आणि सर वर गेलो. बाईंच्या दारात दुधाची पिशवी तशीच पडलेली. बेल वाजवली, कडी वाजवली. आतून काही नाही. मी दाराला कान लावला. आत सगळं शांत होतं. रेडिओही नाही.

"मंदिरात गेल्या असतील," मी म्हणाले.

"आतून कडी हाय." सर दाराकडे बघत नव्हते, भिंतीवर तळहात फिरवत पुढे पुढे सरकत होते. न्हाणीघराची भिंत आली तसे थांबले. "काल संध्याकाळी झरोक्यातला दिवा लागलेला दिसला. आज सकाळी बी तोच. मी मनाला म्हणलं, पाह्यटे उठल्या असतील."

हे किल्ली घेऊन आले ते बाफनासेठलाच घेऊन. सेठ अर्धी दाढी केलेले, गालावर फेस. "अरे, लेकिन मीटर में क्या दिखेगा?" असं म्हणत असतानाच सर किल्ली घेऊन खाली गेलेसुद्धा. मीही त्यांच्यामागे उतरले. त्यांनी कपाट उघडलं. बाईंची चकती फिरत होती. हळू, एकसारखी.

"फिरतेय की, सर!" मी म्हणाले. मला खरंच हायसं वाटलं. "आहेत बाई."

त्यांनी चकतीसमोर काचेवर बोट टेकवलं.

"एकसारखी फिरून राह्यली, ताई. माणूस असला की कमी-जास्त होती. हा नुसता दिवा हाय. दिव्याजवळ कोणी न्हाई, न्हाई तर कोणी उठू शकत न्हाई." आणि जिना चढत ते ओरडले, "दार तोडा! सेठ, दार तोडा!"

बाफनासेठच्या खांद्यानं दार उघडलं. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या. आदल्या संध्याकाळी हातपाय धुताना पाय घसरला होता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. ओरडून ओरडून आवाज गेला होता. अंग गार पडलं होतं, ओठ निळसर. पण डोळे उघडे होते. वरचा पिवळा दिवा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मी त्यांना पांघरुणात गुंडाळलं. त्यांचे ओठ हलत होते, म्हणून कान जवळ नेला.

"या माणसाला... आत कोणी घेतलं?"

मला हसू आलं आणि रडूही. सर न्हाणीघराच्या दाराबाहेर पाठ करून उभे होते, बाईंची लाज राखून.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मुलाला फोन केला. तो निघाला, पण पुण्याहून यायचं म्हणजे दिवस जाणारच. हे आणि सेठ औषधं आणायला गेले. मी आणि सर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. ऊन वर आलं होतं. समोरच्या वॉर्डात दिवे दिवसाउजेडी ढणढण जळत होते, पण सरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुम्ही रोज हेच बघत होता का, सर?" मी विचारलं. "कोण उठलं ते?"

त्यांनी मान हलवली. "सगळ्यांचंच. पण जे एकटे हायेत त्यांचं आधी."

"मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुम्ही मेले का ते बघाया येतो म्हणून?"

आत कुणीतरी कण्हत होतं. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली; माझ्याकडे न बघता, वर्गात बोलत त्याच सुरात.

"आमची मंडळी होती तव्हाची गोष्ट. नोकरीत असताना बी मी असे वर्ग घ्यायचो. मी औरंगाबादला गेल्तो. तिथल्या एका कचेरीत वर्ग होता, एक रात्र मुक्कामी. वीज कशी वाचवावी. लय मोठा वर्ग, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुशीत परत आल्तो. दुपारची वेळ, असंच कडक ऊन. बाहेरूनच खिडकीतून दिसलं, पंखा फिरून राह्यलाय, अन् ही भिंतीकडं तोंड करून झोपलेली. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, मी गावाला शिकवतो अन् माझ्या घरात भर दुपारी झोपा, पंखा लावून. माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. तिला हाक न्हाई मारली. आधी जाऊन पंखा बंद केला."

त्यांचा हात बाकाच्या कडेवर होता. बोटं एकदा मिटली, उघडली.

"मंग बोललो. काय वाट्टेल ते बोललो. ती काही बोलंना. मला वाटलं रुसली. मी चपला काढल्या, पाणी पिलो, पिशवी ठेवली. मंग जाऊन खांद्याला हात लावला. मी निघालो त्याच दिवशी गेली असं डॉक्टर म्हणाले. झोपेत. शेजारचे येता-जाता बघत होते. मीटर दारातच होतं. फिरतंय म्हणल्यावर त्यांना वाटलं, हाय बाई घरात. मला बी तसंच वाटलं असतं."

त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण आमच्याकडे ते जमत नाही. मी नुसती बसून राहिले. वॉर्डातून नर्स आली आणि म्हणाली, "पेशंट विचारतात, ते मीटरवाले सर गेले का? गेले नसतील तर बसू द्या म्हणतात."

सर उठले नाहीत. बहुतेक त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. बाहेर चिंचेच्या झाडाखाली एक कुत्रं धापा टाकत पडलं होतं, त्याच्याकडे ते बघत होते.

"लय वर्षं मला त्या पंख्याचा राग होता," ते म्हणाले. "आता न्हाई येत. त्या दिवसांत उकाडा काय होता, ताई! पंखा चालू होता, ते बरं झालं. तिला गरम तरी झालं नसंल."